नागपूरहून परदेशातल्या किंक परिषदेला : एकटीने जाणाऱ्या बाईसाठी

माझ्या वहिनीच्या गोदरेजच्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली, माझं एक बंद पाकीट दोनदा मुक्कामाला राहिलं आहे. एकदा दहा दिवस, एकदा पंधरा. आत हॉटेलचा पत्ता, परिषदेचं पूर्ण नाव, आयोजकांचा फोन, विम्याचा पॉलिसी नंबर आणि पासपोर्टची झेरॉक्स. वर एवढंच लिहिलेलं : 'सलग दोन दिवस माझा फोन नाही आला, तर उघड.' पहिल्यांदा पाकीट हातात घेऊन वहिनी म्हणाली, "एकटीच जाऊन राहिली का वं?" मी हो म्हटलं. तिने पाकीट उलटसुलट केलं, चावी कमरेला खोचली आणि चहा टाकायला गेली.

हे सगळं लिहायचं कारण त्या पाकिटातच आहे. किंक, म्हणजे संमतीने होणारे बंधनाचे, अधिकार सोपवण्याचे, वेदनेचे खेळ, ज्याला बीडीएसएम म्हणतात, त्यात रस असलेल्या बाया नागपुरातही आहेत. धरमपेठेत आहेत, इतवारीत आहेत, मिहानमध्ये नोकरीला आहेत. परदेशात अशा बायांच्या परिषदा भरतात हे त्यांना ठाऊक असतं. पण 'घरी काय सांगू, व्हिसाच्या फॉर्मवर काय लिहू' इथेच गाडी अडते. दोन प्रवासांनंतर माझा नियम पक्का झाला : कागदावर कधीच खोटं लिहायचं नाही, आणि ज्याने विचारलं नाही त्याला काही सांगायचं नाही. खोटं बोलणं वेगळं, आपलं खासगी आपल्याजवळ ठेवणं वेगळं. या प्रवासातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न याच फरकाने सुटतो.

आधी परिषद नीट पारखा

तिकीट काढायच्या आधी तीन-चार महिने नुसतं वाचण्यात घालवा. बायांच्या वेगळ्या जागा उगीच तयार झालेल्या नाहीत. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'सामवा' (Samois) नावाचा लेस्बियन स्त्रीवाद्यांचा गट उभा राहिला, कारण एकीकडे पुरुषांच्या लेदर क्लबमध्ये, म्हणजे चामड्याचे कपडे घालणाऱ्या किंकवाल्यांच्या क्लबमध्ये, त्यांना जागा नव्हती आणि दुसरीकडे स्त्री चळवळीतल्या अनेकजणी त्यांच्याकडे संशयाने बघत होत्या. १९८७ पासून 'इंटरनॅशनल मिस लेदर' ही बायांची स्पर्धा सुरू झाली. शिकागोत १९९१ मध्ये स्थापन झालेलं लेदर आर्काइव्ह्ज अँड म्युझियम आहे, तिथे या लोकांची पत्रं, जाकिटं, पताका जपून ठेवलेल्या आहेत. अमेरिकेला जाणार असाल आणि एक दिवस हाताशी असेल तर ते जरूर बघा.

परिषदेच्या माहितीत मी आधी आचारसंहिता शोधते. संमतीचे नियम लिहिलेले आहेत का, तक्रार कुणाकडे करायची, तक्रार आल्यावर आयोजक काय करतात, फोटोबद्दल काय धोरण आहे. हे ठळक लिहिलेलं नसेल, तर कार्यक्रम कितीही देखणा दिसला तरी सोडून द्या. 'महिला' या शब्दात कोण कोण येतं तेही वाचा. बऱ्याच परिषदांत ट्रान्स स्त्रिया आणि नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणाऱ्या, व्यक्तींचं स्वागत असतं, आणि ते तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं.

आणखी एक. पुष्कळ ठिकाणी 'चार तास स्वयंसेवक म्हणून काम करा, प्रवेश शुल्कात सूट घ्या' अशी सोय असते. मोह होतो, कारण शुल्क डॉलर-युरोत असतं. पण पर्यटक व्हिसावर गेलेल्या बाईने कामाच्या मोबदल्यात सवलत घेणं हे काही देशांत काम केल्यासारखं धरलं जाऊ शकतं. ती सूट घेऊ नका. विक्रीचे स्टॉल असतात, तिथे आपलं काही विकायलाही बसू नका.

पासपोर्ट आणि आपल्याकडचा नावांचा घोळ

विदर्भातल्या जिल्ह्यांसाठी विभागीय पासपोर्ट कार्यालय नागपुरातच आहे, त्यामुळे या टप्प्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. ३६ पानी, १० वर्षांच्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,०००. पोलीस पडताळणीला घरी माणूस येतो. तो पत्ता आणि ओळख बघतो. कशासाठी जाताय याच्याशी त्याचा संबंध नसतो.

खरी अडचण नावाची. लग्नात सासरी नाव बदलण्याची आपल्याकडची रीत. त्यामुळे पॅन कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, दहावीच्या सर्टिफिकेटवर तिसरंच. परिषदेची नोंदणी, हॉटेल, तिकीट, विमा हे सगळं पासपोर्टवरच्या नावानेच करा, अक्षर न् अक्षर तसंच. परिषदेत वावरताना वेगळं नाव घेता येतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. घटस्फोट झालेला असेल किंवा वेगळ्या राहत असाल, तर डिसेंबर २०१६ मध्ये बदललेल्या नियमांनुसार पासपोर्टच्या अर्जात नवऱ्याचं नाव देण्याची सक्ती नाही. हे कित्येकींना माहीत नसतं आणि त्या वर्षानुवर्षं अर्जच करत नाहीत.

व्हिसा : खरं लिहा, थोडक्यात लिहा

माझा पहिला अर्ज नाकारला गेला. सीताबर्डीतल्या एका एजंटाने मला न विचारता प्रवासाच्या कारणापुढे 'व्यवसाय' असं टाकलं होतं. 'मॅडम, असंच लिहितात,' म्हणाला. माझ्याकडे व्यवसायाचा एक कागद नव्हता. फी गेली, दोन महिने गेले, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात 'पूर्वी व्हिसा नाकारला होता का' या रकान्यात 'हो' लिहिणं नशिबी आलं. तेव्हापासून अर्ज मी स्वतः भरते, रात्री घरचे झोपल्यावर, एकेक रकाना वाचून.

युरोपातल्या शेंगेन देशांसाठी अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. जून २०२४ पासून प्रौढांची फी ९० युरो आहे, वर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा, १० वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे उतरल्यावर रांगेत जास्त वेळ धरून चाला.

सोबतच्या पत्रात मी काय लिहिलं ते सांगते : 'प्रौढ महिलांच्या एका सामुदायिक परिषदेला उपस्थित राहणे आणि त्यानंतर पर्यटन.' खाली परिषदेचं नाव, तारखा, हॉटेल. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. मागे नोकरीचं पत्र, रजेची मंजुरी, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरण. अधिकाऱ्याला बघायचं असतं ते हे, की बाई परत येणार का आणि खर्च स्वतः करणार का. तुमच्या आवडीनिवडीत त्याला क्वचितच रस असतो. आयोजकांना लिहून पासपोर्टवरच्या नावाने साधं उपस्थितीपत्र मागा. अशी मागणी त्यांच्याकडे नेहमी येत असते.

अमेरिकेसाठी बी-१/बी-२ व्हिसा, फी १८५ डॉलर, आणि मुलाखत मुंबईला. आपल्याकडून दुरांतो रात्री सुटते आणि सकाळी मुंबईला पोचवते, पण मुलाखतीच्याच दिवशी पोचण्याचा धोका पत्करू नका. एक रात्र आधी जा. डीएस-१६० या व्हिसा-अर्जाच्या फॉर्ममध्ये मागच्या ५ वर्षांतली समाजमाध्यमांवरची नावं विचारतात. फॉर्मच्या यादीत जी माध्यमं आहेत, त्यांवरची तुमची खाती खरी लिहा. लपवलेलं खातं पुढे सापडलं तर प्रश्न किंकचा उरत नाही, फसवणुकीचा होतो.

खिडकीत 'कसली परिषद' असं विचारलं, तर नजर खाली घालू नका. मी घरी आरशासमोर एक वाक्य वीसदा म्हणून बघितलं होतं : 'प्रौढ स्त्रियांची परिषद आहे, नातेसंबंध, संमती आणि सुरक्षितता यांवर सत्रं असतात.' अधिकाऱ्याने आणखी खोलात विचारलं तर आणखी एक खरं वाक्य सांगा, तिथेच थांबा. त्यांना एका गोष्टीचा संशय येऊ द्यायचा नसतो, तो म्हणजे पैशाच्या मोबदल्यात शरीराचा व्यवहार. अमेरिकेच्या कायद्यात त्या कारणावरून प्रवेश नाकारता येतो. म्हणून खर्च कोण करतंय, राहणार कुठे, परतीचं तिकीट कधीचं, ही तीन उत्तरं कागदासकट तयार ठेवा.

बॅग, आणि दोहा-शारजाचा रस्ता

नागपूरच्या बायांनी हा भाग दोनदा वाचावा. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून थेट परदेशात जाणारं विमान पकडायचं, तर ते आखाताकडे जातं, दोहा किंवा शारजा. मुंबई-दिल्लीचा वळसा वाचतो, म्हणून आपण तेच तिकीट बघतो. पण कतार आणि संयुक्त अरब अमिराती इथे अश्लील साहित्य आणि वस्तू नेणं गुन्हा आहे. 'माझी बॅग तर थेट पुढे जाणार' असं वाटतं. मात्र पुढचं विमान चुकलं, रात्र तिथे काढावी लागली आणि इमिग्रेशनमधून बाहेर पडलात, की बॅग त्यांच्या एक्स-रेखालून जाते. म्हणून आखातमार्गे जाताना बॅगेत, फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये असं काहीही नको. पुस्तकही नको.

खरं तर पहिल्या खेपेला कोणत्याही मार्गाने जाताना सामान नेऊच नये असं माझं ठाम मत आहे. परिषदेत विक्रीचे स्टॉल असतात, वर्गात शिकायला दोर-पट्टे बहुधा तिथेच मिळतात. आपण न्यायचं ते अंगावरचं. लेदर हवंच असं नाही. मी हातमागाची नागपुरी सुती साडी नेली होती, बारीक चौकडीची, लाल काठाची. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईने पदराचा काठ बोटांत धरून विचारलं, हे हाताने विणलंय का. तीन दिवसांत माझ्या साडीवर जेवढं बोलणं झालं तेवढं कुणाच्या कोर्सेटवर झालं नसेल.

मुंबई-दिल्लीमार्गे जाऊन काही न्यायचंच ठरवलं, तर धातूच्या वस्तू केबिन बॅगेत नकोत. बॅटरीवर चालणारं काही असेल तर ते चुकून सुरू होणार नाही असं बंद करा. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच. सगळं स्वच्छ धुतलेलं, पारदर्शक पिशवीत. बॅग उघडली गेली तर तपासणाऱ्याला हात न लावता दिसावं.

परत येताना भारतीय कस्टम्स. अश्लील वस्तूंच्या आयातीवर आपल्याकडे १९६४ ची अधिसूचना अजून लागू आहे, आणि 'अश्लील' काय हे बऱ्याचदा समोरच्या अधिकाऱ्याच्या नजरेवर ठरतं. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बॉडी मसाजर अडवणाऱ्या कस्टम्सचं अपील फेटाळलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची चित्रं अश्लील म्हणून जप्त करण्याचा आदेशही त्याच न्यायालयाने रद्द केला. निकाल आपल्या बाजूचे आहेत, पण पहाटे चार वाजता कस्टम्सच्या टेबलासमोर निकाल वाचून दाखवायची वेळ कशाला आणायची? छापील पुस्तकं, मासिकं, फोटो तिथेच ठेवून या.

फोन आणि पैसे

प्रवासाला वेगळा, साधा फोन न्या. जुना फोन फॅक्टरी रिसेट करून त्यात तिकीट, नकाशा, बँक, घरच्यांशी बोलायचं एक अॅप. अमेरिकेच्या सीमेवर अधिकाऱ्यांना फोन तपासायचा अधिकार आहे. गॅलरीचं आपोआप होणारं क्लाउड बॅकअप बंद करा. माझ्या ओळखीच्या एकीचे परिषदेतले फोटो घरच्या टीव्हीवर स्लाइड शोमध्ये झळकले होते, सासूबाई समोर बसलेल्या. लोकेशन शेअरिंग घरच्या कुणाला दिलेलं असेल तर तेही आठवा.

पैसे फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच परकीय चलन भरलेल्या कार्डावर, न्या, थोडी रोकड सोबत. स्टेटमेंट घरातला कुणी बघत असेल, तर नोंदणीचे पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारून घ्या की कार्डाच्या तपशिलात कोणतं नाव येतं. बहुतेक ठिकाणी मुद्दाम साधं नाव वापरतात.

तब्येत

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर लांब विमानप्रवासात पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांशी बोला, विमानात दर तासा-दोन तासांनी उठून चाला, पाणी प्या. विम्याची पॉलिसी वाचताना कशाला भरपाई नाही ती यादी आधी वाचा. दारू पिऊन झालेली किंवा स्वतः ओढवून घेतलेली इजा बऱ्याच ठिकाणी वगळलेली असते.

परतीच्या आदल्या दिवशी काहीही जोराचं करू नका. अंगावर वळ घेऊन बारा-पंधरा तास विमानात बसणं त्रासाचं असतं, आणि घरी मे महिन्याच्या ४५ अंशांत पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून वावरणं त्याहून.

तिथे पोचल्यावर

नोंदणीच्या वेळी वय तपासायला पासपोर्ट बघतात, पण गळ्यातल्या बिल्ल्यावर तुम्ही निवडलेलं नाव असतं. घरच्यांना, ऑफिसला माहीत असलेलं टोपणनाव घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, आणि 'माझा फोटो नको' हे सांगायला वेगळ्या रंगाची फीत मिळते. ती पहिल्याच क्षणी मागून घ्या.

दिवसा वर्ग असतात. कपडे घातलेल्या बाया, वह्या, प्रोजेक्टर, एखाद्या शिक्षक-कार्यशाळेसारखं. दोर कुठे बांधला तर नस दाबली जाते, बोटं सुन्न झाली तर किती पटकन सोडायचं, कात्री कुठे ठेवायची. रात्री प्लेची, म्हणजे प्रत्यक्ष खेळांची, जागा उघडते. तिथे देखरेख करणाऱ्या स्वयंसेवक असतात, त्यांचे चेहरे आधी ओळखून ठेवा. आत जाणं सक्तीचं नाही. मी पहिल्या रात्री दाराशी खुर्ची टाकून नुसती बसले होते, आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण मराठी बाया 'नाही' म्हणत नाही. 'बघू', 'राहू द्या', 'नंतर', 'असू दे' म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला कळतं. तिथे 'बघू'चा अर्थ 'कदाचित हो' असा घेतला जातो. मान डोलावण्याचंही तसंच. आपण ऐकतोय म्हणून डोलावतो, समोरची ते होकार समजते. माझ्या दुसऱ्या दिवशी हेच झालं. एका भल्या बाईने विचारलं, मी मान हलवत 'नंतर बघू' म्हटलं, आणि ती तासाभराने दोर घेऊन आनंदाने माझी वाट बघत उभी. चूक तिची नव्हती. मी माफी मागितली, तिने हसून दोर गुंडाळला. तेव्हा निघायच्या आधी घरी मोठ्याने म्हणायचा सराव करा : 'नो, थँक यू.' कारण न देता, पुढे काही न जोडता.

हो म्हणायचं असेल, तर आधी बोलून घ्या : काय होणार, किती वेळ, अंगाला कुठे हात लागलेला चालेल, जुनी दुखापत, दमा, मधुमेह. थांबायचा शब्द बहुतेक ठिकाणी 'रेड' असतो. भीती वाटली की आपल्या तोंडून मराठीच येतं; मी समोरचीला 'बस' आणि 'थांब' हे दोन शब्दही शिकवून ठेवते. झाल्यावरचं पांघरूण, पाणी, जवळ बसणं, ज्याला आफ्टरकेअर म्हणतात, तेही आधीच ठरवा.

तिथला कायदाही ठाऊक हवा. इंग्लंडमध्ये १९९३ च्या ब्राउन खटल्यापासून, संमती होती हा बचाव शारीरिक इजेच्या आरोपात टिकत नाही. २०२१ च्या घरगुती अत्याचार कायद्याने गंभीर इजेबाबत ते आणखी स्पष्ट केलं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं की बेशुद्धीत होणाऱ्या गोष्टीला आधी संमती देता येत नाही. तात्पर्य इतकंच, की खुणा राहतील असं काही, गळ्याशी संबंधित काहीही, अनोळखी बाईबरोबर नको. मदतीसाठी युरोपात ११२, इंग्लंडमध्ये ९९९, अमेरिका-कॅनडात ९११.

परतल्यावर

दोन दिवसांची जादा रजा आधीच टाकून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मन एकदम खाली बसतं, याला तिथे ड्रॉप म्हणतात. तीन दिवस जिथे काही लपवावं लागलं नाही, तिथून उठून पुन्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागलं की रडू येतं. मला आलं, फुटाळा तलावाच्या काठावर, गाडी उभी करून. तिथे भेटलेल्या एकीला तरी त्या आठवड्यात फोन करायचं आधीच ठरवून या. आणि 'मला काही झालंय का' हा प्रश्न डोक्यात आलाच, तर जागतिक आरोग्य संघटनेची जानेवारी २०२२ पासून लागू झालेली आजारांची यादी लक्षात ठेवा. प्रौढांच्या संमतीने होणारं हे सगळं त्यातून आजार म्हणून काढलेलं आहे. देशातच बोलायला माणसं हवी असतील तर 'द किंकी कलेक्टिव्ह' हा गट याच विषयावर जाणीवजागृतीचं काम करतो.

कुणी फोटो किंवा माहिती बाहेर काढायची धमकी दिली, तर पैसे देऊ नका. सायबर हेल्पलाइन १९३०. भारतीय न्याय संहितेत खंडणीला कलम ३०८ आहे, चोरून खासगी दृश्य टिपण्याला ७७ आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ई आहे. धमकीचे संदेश पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणि पाकीट परत घ्या. दुसऱ्या खेपेला मी आले तेव्हा वहिनीने कपाट उघडून ते दिलं, पैठणीच्या घडीने कडेला जरासं चुरगळलेलं, डिंक जसाच्या तसा. मी तिच्यासमोर फाडून चुलीत टाकायला निघाले, तर म्हणाली, "थांब ना, पुढच्या वर्षीचा पत्ता बदलून आन, पाकीट नवंच आहे."